वरचा दोरा, खालचा दोरा

गावपळणीचा कौल झाला की मालवणजवळच्या आचऱ्यात घरोघरच्या गोधड्या उन्हात पडतात. काही वर्षांच्या अंतरानं ग्रामदैवत रामेश्वराच्या आज्ञेनं हा सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्रीमांजरं घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्या घालून राहतो. थंडीचे दिवस, पाठीखाली उघडी जमीन, डोक्यावर झावळांचं छप्पर. तिथं दुकानातलं गुळगुळीत ब्लँकेट कामाचं नाही. खाली दोन वाकळी, म्हणजे गोधड्या, अंगावर एक, मग झोप लागते.

माझ्या काकीच्या वाकळी पायमशीनवर शिवलेल्या. हातशिलाईचं कौतुक सगळेच करतात आणि ते रास्त आहे. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची हातशिलाईची गोधडी, कवंदी, पाहिली तर मशीनला हात लावावासा वाटत नाही. त्या कडेपासून शिवत आत येतात, चारी कोपऱ्यांत घडीची फुलं बसवतात आणि फुलांशिवायची कवंदी उघडीबोडकी मानतात. पण भात झोडून, मासळी विकून, चुलीपुढून उठून आलेल्या बाईला धावदोऱ्याच्या हजारो टाक्यांसाठी वेळ आणि डोळे आणायचे कुठून? म्हणून मशीन. मशीनवरची गोधडी म्हणजे चोरवाट, असं मला वाटायचं. काकीशेजारी स्टूल घेऊन बसल्यावर कळलं, की हाताला जे आपसूक जमतं ते मशीनला एकेक करून शिकवावं लागतं.

हातात सुई असली की कापड किती जाड आहे, दोरा किती ओढायचा, हे बोटांना कळतं. मशीनला ते कळत नाही. 1846 साली एलियस हॉवनं अमेरिकेत ज्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, त्या टाक्यात दोन दोरे असतात. वरचा दोरा सुईबरोबर कापडाखाली जातो, तिथं आकडा त्याचा फास पकडून खालच्या, बॉबीनच्या दोऱ्याभोवती फिरवतो, आणि दोघांची गाठ कापडाच्या पोटात बसते. गाठ पोटात बसली तर टाका चांगला. वर आली किंवा खाली गेली तर एक दोरा सरळ पडून राहतो आणि पहिल्याच हिसक्याला सगळी ओळ उसवते. शर्टाला दोनच पदर, तिथं गाठ लपवायला जागा नाही आणि चुकायलाही नाही. वाकळीत वर लुगडं, खाली लुगडं, मधे धोतरं, चादरी, परकर. पूर्वी या पोटात मुंबईचं कापड फार असे. गिरणीत कामाला असलेले चाकरमानी बोटीनं मालवणला उतरत, तेव्हा ट्रंकेत हटकून कटपीस असत. 1982च्या गिरणी संपानंतर ती वाट आटत गेली.

अशा पाच-सहा पदरांतून जाताना प्रत्येक टाक्याला जास्त दोरा लागतो. ब्लाउजसाठी आवळलेल्या मशीनला तो सोडवत नाही. वरचा दोरा ताणला जातो, खालचा टोचून वर येतो आणि पृष्ठभागावर ठिपके दिसतात. नवशिकी काय करते? चाक दाबून फिरवते, कापड मागून ओढते, सुई वाकवते. मीही तेच केलं.

"वढतंस कित्याक गो? सोड जरा."

काकी मालवणीत इतकंच बोलली आणि तिनं नट पाव फेरा उलटा फिरवला. मशीनच्या तोंडावर दोन वाटोळ्या चकत्या असतात, त्यांच्यामधून दोरा जातो, वर स्प्रिंग आणि नट. याला शिंपी टेन्शन म्हणतात. घरात हा शब्द मी पहिल्यांदा मशीनबद्दल ऐकला, परीक्षेचं टेन्शन पुढं आलं.

या चकत्यांची एक खोड आहे. दाबाचा पाय वर असला की त्या सैल होतात, खाली आला की चिकटतात. म्हणून दोरा ओवायचा तो पाय वर उचलूनच. पाय खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या वरच राहतो, ताण बसत नाही आणि कापडाखाली दोऱ्यांचं जाळं होतं. जाळं खाली दिसतं म्हणून माणसं बॉबीनला शिव्या देतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. काकीचा नियम असा: नटाला हात लावण्याआधी दोरा काढून पुन्हा ओवायचा, सुई बदलायची, आकड्याजवळचा कापूस ब्रशनं काढायचा. जुनी लुगडी फार कापूस सांडतात, शिवाय खाडीवरचं खारं वारं स्प्रिंगवर गंज चढवतं. अर्धी दुखणी इथंच बरी होतात.

मग खालचा दोरा. बॉबीन केस दोऱ्याला धरून लटकवायची. आपोआप घसरत जमिनीकडे निघाली तर सैल, हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट. हलक्या हिसक्यानं दोन बोटं उतरून थांबली की जमलं. तिचा स्क्रू इवलासा असतो, फिरवताना खाली फडकं पसरायचं, नाहीतर सारवलेल्या जमिनीवर तो शोधण्यात दुपार जाते. हा ताण एकदा बसवला की त्याला हात लावायचा नाही, पुढची सगळी दुरुस्ती वरूनच. वाकळीचेच पदर रचून एक तुकडा घ्यायचा, वर लाल दोरा, खाली पिवळा, वीतभर शिवायचं. लाल खाली डोकावला तर वरचा सैल आहे, पिवळा वर आला तर वरचा घट्ट.

दोऱ्याबाबत काकी हट्टी आहे. वाण्याकडचा चकचकीत पॉलिस्टर ती बाजूला सारते. तो तुटत नाही, हीच तिची तक्रार. वीस वर्षं धुतलेलं लुगडं लोण्यासारखं झालेलं असतं. न तुटणारा दोरा त्याला करवतीसारखा कापतो. सुती दोरा तुटला तर ओळ पुन्हा घालता येते, कापड फाटलं तर काय घालणार? सगळ्याच शिवणाऱ्या हे मानणार नाहीत, आणि पॉलिस्टरच्या चादरींची गोधडी असेल तर तिचा मुद्दा लागूही पडत नाही. जुन्या सुती लुगड्यांपुरतं मला तिचं पटतं. शिवाय सुती दोरा ओला झाला की मजबूत होतो, रेयॉनचा भरतकामाचा दोरा उलट कमजोर. पावसाळाभर दमट राहणाऱ्या घरात हा फरक लहान नाही.

ती 40 नंबरचा तीन पदरी सुती दोरा घेते. नंबर वाढला की दोरा बारीक होतो, हे गिऱ्हाइकाला नेहमी उलटं वाटतं. सुई 16 नंबरची, पदर जास्त असले तर 18. 16 म्हणजे एक मिलिमीटर जाडीची, 18 म्हणजे 1.1. सुई-दोऱ्याची जोडी जमली का, हे ती मशीनबाहेरच पाहते: सुई ओवून दोरा तिरपा ताणून धरते. सुई घरंगळत खाली आली तर नेढं पुरेसं आहे, अडकली तर दोरा जाड. हातशिलाईचा खळ दिलेला कडक दोरा मशीनला कधीच नाही. त्याची पूड चकत्यांत बसते आणि मग कितीही फिरवा, ताण ठरत नाही.

एक गोष्ट मात्र टेन्शनच्या हाताबाहेरची. मशीनचे दात फक्त खालचा पदर पुढं नेतात. वरचा दाबाच्या पायाखाली मागं रेंगाळतो आणि शेवटी चुण्या पडतात. त्यासाठी आधी मधून कडेकडे मोठे कच्चे टाके, पायाचा दाब कमी, टाका लांब. शर्टाला इंचात दहा-बारा टाके, वाकळीला सहा-सात. ओळी मधून सुरू करायच्या, सिद्दी बायकांच्या बरोबर उलट.

संध्याकाळी शेवटची ओळ झाली, तेव्हा काकीनं लगेच नट परत आवळला. दुसऱ्या दिवशी शेजारणीचा ब्लाउज होता. नटावर नेलपॉलिशचे दोन ठिपके आहेत, एक लाल, एक गुलाबी. लाल ब्लाउजचा, गुलाबी वाकळीचा. गुलाबी ठिपका तिनं लाल बाटली संपल्यावर नातीकडून मागून घेतला.