सुदक्षिणेचे भरत गेलेले अंग

कालिदासाला उज्जैन आपला मानते. त्याच्या ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणा गरोदर आहे. आधी ती इतकी गळून जाते की सगळे दागिने अंगावर बाळगवत नाहीत. चेहरा फिकट पडतो, ती माती खाते. मग डोहाळ्यांचा त्रास ओसरतो आणि अंग भरू लागते. आजच्या दवाखान्यातला वजनाचा आलेखही असाच चढतो. पहिल्या 3 महिन्यांत वजन जेमतेम 1-2 किलो वाढते, उलट्यांनी कधी घटतेही. खरी वाढ चौथ्या महिन्यापासूनची. माती खावीशी वाटणे तर अनेकदा रक्तातल्या लोहाच्या कमतरतेशी जोडलेले असते. कवीची नजर किती बारकाईची होती, याचे नवल वाटते.

हे वाढलेले वजन असते तरी कशाचे? समजा 12.5 किलो वाढले. त्यात बाळ सव्वातीन किलोच्या आसपास, वार साधारण 650 ग्रॅम, गर्भजल 800 ग्रॅम, गर्भाशय जवळजवळ 1 किलो आणि आईचे वाढलेले रक्त सव्वा किलोच्या वर. उरते ते स्तनांची वाढ, अंगातले पाणी आणि 3 किलोंच्या आसपास चरबी. ही चरबी म्हणजे बाळाला अंगावर पाजायचे दिवस येण्याआधीच शरीराने भरून ठेवलेली कोठी.

आईच्या ताटाचा बाळाच्या वजनाशी संबंध कसा लागतो, हे पाहायला पुण्याजवळच्या 6 खेड्यांत जावे लागते. तिथे 1993 मध्ये केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहकाऱ्यांसह अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या तिथल्या स्त्रियांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन सुमारे 42 किलो, तर बाळांचे सुमारे 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे सरासरी 3.5 किलोंची. पण आपली बाळे नुसती लहान नव्हती. स्नायू कमी असूनही त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार अशा या बाळांनी पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाच्या विचाराला नवी दिशा दिली. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: बाळाच्या आकाराचा संबंध आईच्या एकूण उष्मांकांशी नव्हे, तर दूध, पालेभाज्या आणि फळांशी दिसला.

आपल्याकडे गरोदर बाईला दोन जिवांचे खा म्हणतात, आणि बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून हात आखडायलाही सांगतात. दोन्ही सल्ले घातक आहेत. वजन पुरेसे वाढले नाही तर अडीच किलोंहून हलके किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ होण्याचा धोका वाढतो. फार वाढले तर बाळ अतिवजनाचे होण्याची आणि सिझेरियनची शक्यता वाढते. सरकारी परिचारिकांना शिकवलेला हिशोब सोपा आहे: एकूण 9 ते 11 किलो, पहिल्या तिमाहीनंतर महिन्याला सुमारे 2 किलो. महिन्यात 3 किलोंच्या वर वाढले तर जुळे, मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब यांचा संशय घ्यायचा. मुळात हडकुळी असलेल्या बाईने मात्र याहून जास्त, तर स्थूल बाईने कमी वाढवायला हवे.

2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. उज्जैनमध्ये असा वा पुण्यात, घरातल्या गर्भवतीला त्या दिवशी घेऊन जा, आणि तिचे वजन कार्डावर लिहिले गेले की नाही ते स्वतः पाहा.