घडी तर होते, पण टायर मिळतो का?

सकाळच्या गाड्या जळगाव स्टेशनात शिरतात, तेव्हा गाडी थांबते न थांबते तोच अर्धा डबा रिकामा होतो. भुसावळ, पाचोरा, धरणगाव, अमळनेर... रोज अप-डाऊन करणाऱ्या पोरापोरींचा लोंढा पुलाच्या जिन्यावरून बाहेर येतो आणि खरा प्रश्न तिथून सुरू होतो. गाडीचा पास परवडतो. पण स्टेशन ते कॉलेज? शेअर रिक्षात शेवटचा माणूस बसेपर्यंत रिक्षा हलत नाही, आणि विद्यापीठ तर गावाबाहेर, गिरणेच्या पलीकडे बांभोरीला, आठ-नऊ किलोमीटरवर. महिनाभराचा हिशोब मांडला तर पंचवीस किलोमीटरच्या रेल्वेपेक्षा शेवटचे चार किलोमीटर महाग पडतात.

यावर उपाय म्हणून हल्ली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये ‘विशलिस्ट’ला पडलेली दिसते. घडीची सायकल. म्हणजे फोल्डिंग बाइक. रीलमध्ये एखादा पोरगा ती दहा सेकंदांत दुमडतो, हातात उचलतो आणि मेट्रोत शिरतो. आपल्याकडे मेट्रो नाही, मेमू आहे. आणि तिच्यात सकाळी पाय ठेवायला जागा नसते. मग ही सायकल खान्देशात चालते का?

मला हा प्रश्न पडायला कारण होतं. माझी साधी सायकल क्लासच्या बाहेरून चोरीला गेली. कुलपासकट. त्यानंतर एका सीनियरने त्याची घडीची सायकल पंधरा दिवसांसाठी वापरायला दिली. वीस इंची चाकं, सहा गिअर, वजन तेरा किलो. पुढचं सगळं त्या पंधरा दिवसांतून आणि नंतर सायकल दुकानांत घातलेल्या वेळेतून आलेलं आहे.

पहिला धडा भुसावळच्या पुलावर मिळाला. तेरा किलो ऐकायला काहीच वाटत नाही. पण पाठीवर लॅपटॉपची सॅक, एका हातात दुमडलेली सायकल, मागून धक्के आणि समोर जिना. घरी एक प्रयोग करून बघा. आपल्या स्वयंपाकघरातलं रिकामं गॅस सिलिंडर साधारण पंधरा किलोचं असतं. ते एका हाताने उचलून दोन जिने चढा आणि उतरा. हे रोज दोनदा जमणार असेल तरच घडीच्या सायकलीचा पुढचा विचार करा. बाजारात वीस इंची घडीच्या सायकली साधारण अकरा ते पंधरा किलोच्या असतात. अॅल्युमिनियमची फ्रेम हलकी, स्टीलची जड आणि स्वस्त. आणखी हलक्याही मिळतात, पण तिथे प्रत्येक कमी झालेल्या किलोमागे किंमत काही हजारांनी चढते. म्हणून वजनाइतकंच हेही बघा, की दुमडल्यावर ती ढकलत नेता येते का. काही सायकली दुमडल्या तरी सीटला धरून चाकांवर लोटता येतात. प्लॅटफॉर्मवर हे फार उपयोगाचं. माझ्याकडची तशी नव्हती, त्यामुळे दोन्ही दंड दुखायचे.

दुसरी गोष्ट माप. रेल्वेचा नियम असा आहे, की डब्यात सोबत न्यायची पेटी किंवा सुटकेस बाहेरून १०० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर जाड, एवढीच चालते. एसी थ्री टिअर आणि चेअर कारमध्ये तर ५५ बाय ४५ बाय २२.५. त्याहून मोठं सामान ब्रेक व्हॅनमध्ये बुक करायचं. वीस इंची सायकल दुमडल्यावर साधारण ऐंशी सेंटिमीटर लांब, पासष्ट उंच आणि तीस-पस्तीस जाड होते. म्हणजे लांबीत पास, बाकी दोन्हीत नापास. जगात सगळ्यात आटोपशीर घडी होणाऱ्या सायकलींत लंडनच्या ब्रॉम्प्टनचं नाव घेतात. तिच्या घडीचं माप ५८.५ बाय ५६.५ बाय २७. ती बिचारीही जाडीत दोन सेंटिमीटरने अडते! आणि भारतात तिची किंमत लाखाच्या वर आहे, तेव्हा तो विषय इथेच थांबवू.

प्रत्यक्षात पॅसेंजरमध्ये टेप घेऊन कोणी मोजायला येत नाही. पण वाद झाला तर नियम त्यांच्या बाजूने आहे, हे माहीत असलेलं बरं. मी एक गोष्ट शिकले. उघडी दुमडलेली सायकल लोकांना ‘सायकल’ दिसते आणि सगळे अंगावर येतात. तीच जाड कापडी पिशवीत घातली की ‘सामान’ होते. पहिल्या दिवशी एका काकूंच्या साडीला चेनचं काळं लागलं आणि मी जे ऐकून घेतलं ते छापण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या सोफ्याच्या कव्हरची पिशवी शिवून घेतली. एसटीतही तेच. कंडक्टरकाकांना आधी विचारायचं, गर्दीची गाडी सोडायची, आणि मागे डिकी असेल तर तिथे ठेवायची. सकाळच्या भरलेल्या लालपरीत मांडीवर सायकल घेऊन बसायचा हट्ट करू नका.

आता चाकांकडे येऊ, कारण बहुतेक जण इथे फसतात.

ऑनलाइन बघताना आपण रंग बघतो, गिअर बघतो, डिस्क ब्रेक बघतो. टायरच्या बाजूला कोरलेला आकडा कोणी बघत नाही. वीस इंच म्हटलं तरी चाकं दोन जातींची असतात. एकीच्या टायरवर ४०६ लिहिलेलं असतं, दुसरीच्या ४५१. हे टायर जिथे बसतो त्या रिमच्या व्यासाचे मिलिमीटर. नाव दोन्हींचं वीस इंच, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. लहान मुलांच्या जाड टायरच्या वीस इंची सायकलींना बहुतेकदा ४०६ असतो, त्यामुळे तो टायर-ट्यूब पारोळ्यातही मिळेल आणि चोपड्यातही. ४५१ साठी मात्र कुरिअरची वाट बघायची. सोळा इंचीतही हेच, ३०५ मुलांच्या सायकलींचा आणि ३४९ वेगळा. आमच्याकडे शेताच्या बांधाला बाभूळ आहे आणि रस्त्यावर तिचा काटा आहे. पंक्चर होणार हे धरून चालायचं. ट्यूबसाठी आठवडाभर उभी राहणारी सायकल अप-डाऊनवाल्याच्या काय कामाची? म्हणून ऑर्डर देण्याआधी आपल्या गावच्या सायकल दुकानात जायचं आणि तो आकडा दाखवून विचारायचं, हा टायर आहे का. ट्यूबचा व्हॉल्व्हही मोटारसायकलसारखा जाड घ्यावा, म्हणजे कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

छोट्या चाकाला जास्त पेडल मारावं लागतं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. ते अर्धंच खरं आहे. पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते चेनव्हील आणि मागच्या फ्रीव्हीलच्या दातांवर ठरतं. वीस इंची चाक एका फेरीत साधारण दीड मीटर जातं. पुढे ५२ दाते आणि मागे १४ असतील, तर पेडलच्या एका फेरीत चाक पावणेचार वेळा फिरतं, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. आपल्या बाबांच्या जुन्या काळ्या सायकलीचं मोठं चाक एका फेरीत २.२ मीटर जातं. तिला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर हिशोब तिथेच येतो, पाच मीटर आणि थोडं वर. पण काही स्वस्त मॉडेलना मुलांच्या सायकलीचं छोटं चेनव्हील लावलेलं असतं. त्यावर बसलात की पाय पंख्यासारखे फिरतात आणि सायकल जागची हलत नाही. दुकानात दाते मोजा. लोक हसतील, हसू द्या.

गिअरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. जळगाव, भुसावळ, अमळनेर हा तापीकाठचा सपाट मुलूख. इथे एक गिअर पुरतो, आणि एक गिअर म्हणजे कमी वजन, कमी दुरुस्ती, दुमडताना वाकडं व्हायला काही नाही. माझ्या पंधरा दिवसांत सहापैकी दोनच गिअर वापरले गेले. धुळ्याहून लळिंगच्या चढाकडे रविवारी जायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

छोट्या चाकाचा खरा तोटा खड्ड्यात कळतो. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं, त्यात छोटं चाक उतरतं. त्यामुळे सडपातळ टायर दिसायला कितीही भारी असला तरी आपल्या रस्त्यांना पावणेदोन इंचांचा जाडच हवा. आणि बिजागरी. फ्रेमच्या मधोमध एक, हँडलच्या दांड्याला एक. सगळा भार, सगळे दणके तिथे जातात. दुकानात पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवून बघा. कुठे ‘टक टक’ असं जाणवलं, तर ती घेऊ नका. खटक्याला वरून दुसरा छोटा लॉक हवाच, चालत्या सायकलचा खटका उघडला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. ऑनलाइन मागवलेली सायकल बरेचदा अर्धवट जोडलेली येते. उरलेली जोडणी यूट्यूब बघून करण्यापेक्षा मेकॅनिककडून करून घेतलेली बरी.

घडीच्या सायकलीचा शोध काही कालचा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांना बीएसए कंपनीच्या दुमडणाऱ्या सायकली दिल्या होत्या. अँड्र्यू रिची या इंजिनिअरने १९७५ मध्ये लंडनच्या फ्लॅटमध्ये ब्रॉम्प्टनचा पहिला आराखडा केला. खिडकीसमोरच्या चर्चचं नाव सायकलला दिलं. डेव्हिड हॉन हा लेझरवर काम करणारा शास्त्रज्ञ, तेलटंचाईच्या काळात पेट्रोलच्या रांगेमुळे सायकलकडे वळला आणि १९८२ मध्ये त्याने डाहोन ही कंपनी काढली. आपल्याकडचं ताजं नाव म्हणजे मुंबईचं हॉर्नबॅक. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या पोरांनी बनवलेली ही बॅटरीची सायकल आनंद महिंद्रा यांनी २०२३ मध्ये सोशल मीडियावर दाखवली आणि तीत गुंतवणूक केल्याचंही सांगितलं. तिची खासियत अशी, की चाकं पूर्ण मापाची आणि फ्रेम नेहमीच्या सायकलसारखी चौकोनी, तरीही मधून दुमडते. खड्ड्यांचा प्रश्न त्यामुळे कमी होतो. पण मोठ्या चाकाची घडीही मोठीच असणार. गाडीच्या डिकीला ठीक, पॅसेंजरच्या दारात अवघड. बॅटरीवाली घ्यायचीच असेल तर एवढं लक्षात ठेवा, मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. आणि बॅटरीने वजन वाढतं. सिलिंडरचा प्रयोग आठवा.

मग कोणी घ्यावी?

धुळ्यात शिकणाऱ्यांना मी हो म्हणेन. चाळीसगावहून धुळ्याला येणारी गाडी जेमतेम छप्पन्न किलोमीटरची शाखा, धुळे शेवटचं स्टेशन. उतरायची घाई नाही, गाडी पुढे निघून जाणार नाही. सगळे उतरले की निवांत सायकल काढा, उघडा, पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात कॉलेजला पोचा. अंतर आटोक्यातलं, गल्ल्यांमधून जाण्याजोगं. घडीच्या सायकलीसाठी अगदी मापाचं.

जळगावात स्टेशनपासून शहरातल्या कॉलेजांना हो. विद्यापीठासाठी मात्र मी बिचकते. बांभोरीचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, ट्रक आणि ट्रेलर. शहरातून जाणाऱ्या महामार्गाला समांतर रस्ते द्या, ही मागणी जळगावकर वर्षानुवर्षे करताहेत, ती उगाच नाही. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा एक ट्रेलर इतका जवळून गेला, की त्याच्या वाऱ्यानेच हँडल वळलं. छोटं चाक पटकन वळतं, हे तेव्हा नीट समजलं. उरलेले दिवस मी सायकल दुमडून रिक्षात ठेवली आणि कॅम्पसमध्ये उघडली. रिक्षावाल्या दादांनी सायकलचं वेगळं भाडं मागितलं, म्हणजे बचत शून्य.

हॉस्टेलवाल्यांचं गणित आणखी वेगळं. त्यांना गाडीत न्यायची नसते, पण रात्री सायकल खोलीत कॉटखाली सरकवता येते. माझ्यासारखी ज्यांची चोरीला गेलीय, त्यांना याची किंमत कळेल. शिवाय मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशात दिवसभर उन्हात उभ्या सायकलच्या सीटवर बसून बघितलंय का कधी?

पैशांचं बोलायचं तर बऱ्यापैकी घडीची सायकल पंधरा हजारांच्या आगेमागे सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेवढाच हातभार. पण एक पर्याय मला शेवटी शेवटी सुचला आणि स्वतःवरच हसू आलं. जुनी साधी सायकल दोन-तीन हजारांत मिळते. अशा दोन घ्यायच्या. एक आपल्या गावच्या स्टेशनवर, एक कॉलेजच्या स्टेशनवर, दोन्ही स्टँडवर महिन्याच्या पासने. उचलायचं काही नाही, काकूंची साडी सुरक्षित. ज्याचा रोजचा मार्ग ठरलेला आहे, त्याने आधी हा हिशोब करावा. ज्याचं आज कॉलेज, उद्या क्लास, परवा मावशीकडे मुक्काम असं चालतं, त्याला घडीचीच लागेल.

माझं अजून ठरलेलं नाही. सीनियरची सायकल धुऊन-पुसून परत केली, सोफ्याच्या कव्हरची पिशवी मात्र ठेवून घेतली. सध्या सॅकमध्ये एक मोजपट्टी असते. मेमूत जागा मिळाली, की सीटखालची उंची मोजते. शेजारच्या बायका विचारतात, पडदे शिवायचे का गं?