मोटारीच्या धूसर दिव्यांविषयीचे गैरसमज

वर्षानुवर्षे उघड्या आवारात उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या हेडलाइटवर जो पिवळसर धूसरपणा चढतो, तो धुळीचा, ओरखड्यांचा किंवा निकृष्ट मालाचा परिणाम आहे, असे बहुतेक मालक गृहीत धरतात. आणि निदानच चुकल्यामुळे पुढचे सारे इलाजही चुकत जातात.

अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांचे गोल दिवे काचेचे होते. आजच्या दिव्यांचे दर्शनी आवरण मात्र पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे असते. हे द्रव्य १९५३ साली जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या रसायनज्ञांना स्वतंत्रपणे साधले, आणि अमेरिकी सरकारने १९८३ साली दिव्यांचे नियम शिथिल केल्यानंतर तेथील मोटारींवर त्याचा शिरकाव झाला. ते वजनाला हलके, हवा तो आकार घेणारे आणि खडी उडून आदळली तरी सहसा न फुटणारे आहे, म्हणून त्याला निकृष्ट म्हणणे अन्यायाचे होईल; परंतु ओरखड्यांपुढे ते मऊ आणि सूर्याच्या अतिनील किरणांपुढे दुर्बल असल्यामुळे कारखान्यातच त्यावर माणसाच्या केसाहून पातळ असा एक कठीण, पारदर्शक लेप चढवलेला असतो. ऊन हा लेप हळूहळू झिजवते, त्याला सूक्ष्म चिरा पडतात, पापुद्रे सुटतात आणि मग उघडे पडलेले प्लॅस्टिक पिवळे होऊ लागते. सबब, गेलेला लेप पुन्हा चढवल्याखेरीज कोणताही इलाज टिकत नाही.

या एका कसोटीवर प्रचलित उपायांचा निकाल लागतो. टूथपेस्टमधील बारीक खरखरीत कण पृष्ठभागावरचा पिवळेपणा खरवडतात, दिवा उजळतोही. पण संरक्षण काहीच न उरल्यामुळे तो लवकरच पुन्हा मावळतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्यात तर दोहोंचे गुण एकमेकांना मारतात आणि फेस तेवढा दिसतो. खोबरेल तेल सूक्ष्म चिरा भरून काढून क्षणभर पारदर्शकतेचा आभास निर्माण करते. पहिल्या पावसात तो आभास धुऊन जातो. थिनर किंवा अॅसिटोन लावणे मात्र निव्वळ निष्फळ नसून घातक आहे, कारण ही द्रावके पॉलिकार्बोनेटला कायमच्या भेगा पाडतात.

पॉलिश पेपरने घासल्यास दिवा बिघडेल, ही भीती समजण्यासारखी आहे, कारण पहिल्या घासणीनंतर तो पूर्वीपेक्षाही पांढरा दिसतो आणि पुष्कळ जण घाबरून तेथेच थांबतात. थांबू नये. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावून, भरपूर पाणी वापरत, आठशे नंबरच्या वॉटर पेपरपासून पंधराशे, दोन हजार आणि तीन हजार असे क्रमाने जावे. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे उरले की नाही ते स्पष्ट कळते. त्यानंतर पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी आणावी, पृष्ठभाग निर्मळ पुसावा आणि अखेरीस अतिनील किरणांना रोखणारे पारदर्शक कोटिंग चढवावे. पुष्कळ ठिकाणी हा अखेरचा टप्पाच गाळला जातो, त्यामुळे ग्राहकाने कामापूर्वीच त्याविषयी स्पष्ट खुलासा मागावा. दोन घटक मिसळून फवारायच्या लॅकरमध्ये बहुधा आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे अपायकारक असल्याने साध्या कापडी मुखपट्टीच्या भरवशावर घरी फवारू नये.

काहींना वाटते, अधिक वॅटचा बल्ब बसवला की प्रश्न मिटेल. धूसर आवरण प्रकाश केवळ अडवत नाही, तर इतस्ततः विखुरते. त्यामुळे बल्ब जितका प्रखर, तितकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवरील तिरीप अधिक, आणि पावसाळ्यात रात्री घाट उतरताना ही तिरीप कुणाचा तरी जीव घेऊ शकते. शिवाय साठ वॅटच्या जागी शंभर वॅट बसवल्यास वाढलेली उष्णता होल्डर आणि वायरिंगला सोसावी लागते.

प्रत्येक दिवा घासून सुधारतो, असेही नाही. खर्चापूर्वी आवरणावर थोडे पाणी शिंपडावे: ओले असताना ते स्वच्छ दिसले, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि दुरुस्ती शक्य आहे, तसेच धूसर राहिले, तर दोष आतील वाफेचा, आतील बाजूचा किंवा खोल गेलेल्या भेगांचा असावा. वाफ असेल तर सील तपासून घ्यावे. भेगा असतील, तर नवा दिवा बसवणेच योग्य.