हार, जीत आणि पाच शतांश सेकंद

युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) : मराठीत ‘हार’ गळ्यात पडतो आणि ‘हार’ पदरीही पडते. जत्रेतील कुस्तीच्या फडात या दोहोंमधील अंतर एका डावाचे असते. चितपट झालेला मल्ल अंगावरची माती झटकत गर्दीत दिसेनासा होतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले असेल, याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. बीड जिल्ह्यातच त्याची दोन ठळक उदाहरणे आहेत.

पहिले जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ६ ऑगस्ट २०२२ रोजी तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ दिली. सुवर्णपदक मिळवणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोट याची वेळ होती ८ मिनिटे ११.१५ सेकंद. फरक केवळ पाच शतांश सेकंदाचा! १९९८ ते २०१८ या काळात या शर्यतीतील तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. ती मक्तेदारी दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याच्या मुलाने मोडली. मग हा विजय की पराजय?

मानसशास्त्राने या प्रश्नाला हात घातला आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांच्या चित्रफिती अमेरिकेतील संशोधकांनी काही प्रेक्षकांना दाखवल्या आणि खेळाडूंच्या चेहऱ्यावरील आनंदाला दहापैकी गुण द्यायला सांगितले. स्पर्धा संपल्यानंतरच्या क्षणी कांस्यपदक विजेत्यांना सरासरी ७.१ गुण मिळाले, तर रौप्यपदक विजेत्यांना ४.८. वरच्या क्रमांकाचा खेळाडू कमी आनंदी! १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दिलेले कारण साधे आहे. दुसरा आलेला वर पाहतो आणि ‘थोडक्यात सुवर्ण हुकले’ म्हणून हळहळतो. तिसरा खाली पाहतो आणि ‘निदान पदक तरी मिळाले’ म्हणून सुखावतो. मनुष्य घडलेल्या गोष्टीची तुलना घडू शकणाऱ्या गोष्टीशी करतो, आणि ती गोष्ट जितकी जवळ असते तितका सल खोल. पाच शतांश सेकंदाने हरणे हे पाच सेकंदांनी हरण्यापेक्षा कठीण, ते यामुळेच. (कुस्तीत आता यात आणखी एक भर पडते. तिथे कांस्यपदकाचा मल्ल शेवटची लढत जिंकून बाहेर पडतो, तर रौप्यपदकाचा शेवटची लढत हरून.)

साबळेची कारकीर्द पाहिली, की क्रमांक आणि कामगिरी या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे लक्षात येते. टोकियोत २०२१ मध्ये त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पण त्याची प्राथमिक फेरी इतकी वेगवान ठरली, की तो सातवा आला आणि अंतिम फेरीबाहेर राहिला. दुसऱ्या गटातून त्याच्यापेक्षा संथ धावलेले मात्र पुढे गेले. याला हरणे म्हणायचे तर कोणाकडून? २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक आले. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा विक्रम झाला, तेव्हाही तो सहावाच होता. त्याच शहरातील ऑलिंपिक अंतिम फेरीत अकरावा. निव्वळ पदकतालिकेत पाहणाऱ्याला यातील निम्म्या शर्यती दिसणारच नाहीत.

क्रीडा मानसशास्त्र निकालाचे ध्येय आणि कामगिरीचे ध्येय यांत फरक करते तो असा. निकाल प्रतिस्पर्ध्याच्या, पंचांच्या, कधी हवामानाच्याही हाती असतो. स्वतःची वेळ, स्वतःचा डाव पुष्कळसा आपल्या हाती. म्हणजे जिंकण्याची इच्छाच नको, असे मात्र नव्हे. ती नसलेला खेळाडू या पातळीपर्यंत पोहोचत नाही.

दुसरे उदाहरण पाटोद्याच्या राहुल आवारेचे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची संधी त्याच्या हातून गेली. मल्लाच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे फार मोठा काळ. त्याने २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. ६१ किलो हा ऑलिंपिकमधील गटच नव्हे. म्हणजे जे हुकले ते या पदकाने भरून निघणारे नव्हते. तरीही तो उतरला.

याच्या नेमके उलट चित्र फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत दिसले. निर्णय मान्य नसलेल्या शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, तर महेंद्र गायकवाड अंतिम लढत अर्धवट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. लाथेचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र पंचांच्या निर्णयाची वेळेवर आणि सर्वांना दिसेल अशी फेरतपासणी झाली, तर पराभव पचवणे सोपे जाते, हेही तितकेच खरे. अन्याय झाल्याची भावना घेऊन हरलेला मल्ल हरलेलाच नसतो, निदान त्याच्या मनात.

आणखी एक गोष्ट शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या या भागात खेळ हा छंद क्वचितच असतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याची वाट पदकावरून जाते. तिसरा आणि चौथा यांतील अंतर काही सेकंदांचे, पण परिणाम साऱ्या घराच्या उत्पन्नावर. अशा मुलाला ‘खेळात हार-जीत चालायचीच’ असे सांगणे सोपे आहे. त्याच्या वडिलांना सांगून पाहावे.

ग्रामीण भागात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी बहुतेक मुले पदकासाठी नव्हे, तर भरतीसाठी धावतात. पोलिस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण आहेत. ते घड्याळ पाहून दिले जातात, शेजारी कोण धावत होता हे पाहून नव्हे.