गाडीत घर करायचंय? आधी वजनकाट्याची पावती मागा

सातारा : कोरेगाव तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने आल्याचे पैसे झाल्यावर जुनी फोर बाय फोर डबल केबिन पिकअप घेतली. वडिलांचे गुडघे गेलेले. लॉजचे जिने चढवत नाहीत, एसटीची पायरीही जड जाते. गाडीतच झोपायची, चहा-भाताची सोय केली तर पंढरपूर, कोकण, जमलं तर नर्मदेपर्यंत त्यांना फिरवता येईल, असा साधा विचार. एका शहरातल्या दुकानात साडेचार लाख देऊन काम करून घेतलं. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, टपावर तंबू, आत निळ्या लाइटी. गावात आली तेव्हा बघायला गर्दी झाली.

पहिलीच फेरी बामणोलीची. येताना यवतेश्वर घाट उतरताना ब्रेकला जळका वास सुटला, पेडल खाली जायला लागलं. नशिबाने खालच्या वळणाआधी गाडी कडेला घेता आली. दुसऱ्या दिवशी गाडी वजनकाट्यावर घातली, तर आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा १९० किलो जास्त भरली. म्हणजे घरचे सगळे बसलेले, टाकी भरलेली, जशी गाडी फिरायला निघते तशी.

गाडीत राहायची सोय करून घेणाऱ्यांची संख्या आता तालुक्या-तालुक्यात वाढते आहे. कुणी घरच्यांसाठी करतो, कुणी कृषी पर्यटनाला जोड म्हणून. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून चौकशी जास्तच. पण दुकान निवडताना बहुतेक जण फोटो बघून निवडतात, आणि चूक तिथेच होते. (बोलेरो कॅम्पर या नावाने फसू नका, ती साधी डबल केबिन पिकअपच आहे. आत झोपायची काही सोय कंपनी देत नाही.)

१९० किलो आले कुठून?

हिशोब अवघड नाही. १८ एमएम प्लायचं आठ बाय चारचं एक शीट साधारण ३२ ते ३५ किलो भरतं. अशी सहा शीट लागली की २०० किलो तिथेच. इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या ॲसिडसकट शंभर किलोच्या वर. पाणी लिटरला किलो, म्हणजे १२० लिटरची टाकी भरली की १२० किलो. लोखंडी चौकट, टपावरचा तंबू, गादी, भांडी, सिलिंडर वेगळे. आणि माणसं? दुकानदाराने ती धरलेलीच नसतात.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा नको. "काम झाल्यावर गाडी किती भरेल आणि पुढच्या-मागच्या चाकांवर किती किती?" हा प्रश्न विचारा. ज्याला काम येतं तो कागद-पेन घेऊन बसतो. ज्याला येत नाही तो हसतो आणि "काय नाय होत हो, पाटे वाढवू" म्हणतो. मागचे पाटे वाढवले की गाडी बसत नाही हे खरं, पण आरसीवरचं वजन त्याने वाढत नाही. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायरची क्षमता तीच. उसाच्या ट्रॉलीचा अनुभव असलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

काट्याची पद्धत अशी. काम सुरू करण्याआधी गाडी टाकी फुल्ल करून काट्यावर घालायची आणि पावती घ्यायची. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एक वजन, फक्त मागची ठेवून एक. काम झाल्यावर पुन्हा तिन्ही वजनं. कारखान्याचा असो नाहीतर हायवेचा, काट्याला दोन-चारशे रुपये जातील. आधीच्या आणि नंतरच्या पावत्यांतला फरक दुकानदाराने लिहून दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर शेवटचा हप्ता थांबवायचा, हे आधीच ठरवून घ्यावं.

दुकानं तीन तऱ्हेची

हे काम करणाऱ्यांत पहिले ट्रक-टेम्पोची बॉडी बांधणारे. कोल्हापूर, पुणे पट्ट्यात यांची परंपरा आहे, वेल्डिंगला हात पक्का. पण सवय माल वाहायच्या बॉडीची. पाच एमएमने भागेल तिथे आठ एमएमचा अँगल लावतील. गाडी मजबूत होते आणि जड होते.

दुसरे फर्निचरवाले. यांचं काम डोळ्यात भरतं. सनमायका, कप्पे, आरसे, सगळं घरासारखं, आणि अडचण तीच आहे. घर हलत नाही, गाडी हलते. एमडीएफचे कप्पे एका पावसाळ्यात फुगतात, स्क्रू निघून येतात. घाटात जोरात ब्रेक मारला की ड्रॉवर उघडून भांडी अंगावर. प्लाय वापरणार असतील तर आयएस ७१० चा शिक्का असलेला पाण्यात टिकणारा वापरतात का, आणि १८ एमएमच्या जागी १२ एमएम कुठे चालेल हे त्यांना कळतं का, ते बघावं.

तिसरे फोर बाय फोरवाले. सस्पेन्शन, विंच, बंपर, मोठे टायर यांत हुशार. चिखलातून गाडी काढण्याचं ज्ञान यांच्याकडे आहे, पण आत माणूस राहणार आहे याकडे लक्ष कमी. मोठे टायर टाकले की गाडी दिसते रुबाबदार, पण ओढ कमी होते, ब्रेकवर ताण येतो आणि मीटर चुकीचा वेग दाखवतो, हे ते आपणहून सांगत नाहीत.

तिन्ही एकाच छताखाली येत असतील असं दुकान क्वचित. त्यामुळे कोणत्या बाजूला दुकान लंगडं आहे ते ओळखून तेवढं काम दुसरीकडून करून घेण्याची तयारी ठेवावी. साध्या व्हॅनला फर्निचरवाला एक वेळ चालून जाईल. फोर बाय फोरला चालत नाही, त्याचं कारण पुढे आहे.

बांधावर चाक चढवून बघा

पिकअप किंवा गुरखासारखी गाडी शिडीसारख्या चासीवर उभी असते. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात गेलं की ही चासी पिळते. पिळायलाच हवी, म्हणून तर चारही चाकं जमीन धरतात. पिकअपमध्ये केबिन आणि हौदा वेगळे का ठेवलेले असतात? याचसाठी. आता दुकानदाराने हौद्यावर पेटीसारखी खोली बांधली आणि ती केबिनला वेल्ड करून घट्ट जोडली, किंवा चारही कोपऱ्यांत चासीला कडक बोल्ट मारले, तर चासी पिळल्यावर खोलीला तडे जाणार. आधी सांधे उघडतात, मग पाणी आत येतं, मग गंज. डांबरी रस्त्यावर वर्षभर काही कळत नाही.

जाणकार दुकान खोली तीन ठिकाणी धरून ठेवतं किंवा स्प्रिंग, रबराचे माउंट देतं, आणि केबिन व खोलीच्या मध्ये लवचिक जोड ठेवतं. चासीच्या मुख्य पट्टीला भोक पाडत नाही, वेल्डिंग करत नाही. बाकी पत्र्याला भोक पाडलं तर त्याच वेळी प्रायमर लावतं.

हे तपासायची रीत शेतकऱ्याला सोपी आहे. दुकानदाराने आधी केलेली गाडी दाखवली की तिचं एक मागचं चाक फूटभर उंचवट्यावर चढवायला सांगा. मग दरवाजा उघडा, लावा. कप्पे ओढा. दरवाजा अडकला, कुठे करकर वाजलं, तर समजून घ्या. गाडी दाखवायचीच असेल तर दोन पावसाळे काढलेली दाखवा म्हणावं. कालच तयार झालेली सगळ्यांचीच छान असते.

खाली वाकूनही बघावं. पाण्याची टाकी, पायरी, गटाराच्या पाण्याचा डबा डिफरन्शिअलपेक्षा खाली लोंबत असेल तर पहिल्याच ओढ्यात तो निघून येणार. टाकी शक्यतो दोन्ही एक्सलच्या मध्ये आणि खाली हवी, आत आडव्या पट्ट्या हव्यात. अर्धा भरलेला टँकर वळणावर कसा हेलकावतो हे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला माहीत आहे. टपावर जितकं कमी तितकं घाटात बरं.

वायर आणि गॅस

मोटरला लांबून केबल आणली की व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते, हे प्रत्येक विहिरीवर घडलेलं आहे. १२ व्होल्टमध्ये तेच जास्त जोरात होतं. हजार वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८५ ते १०० अँपिअर ओढतो. तिथे घरातली अडीच स्क्वेअरची वायर लावली तर ती तापून वितळते, आणि वायर प्लायच्या मागे असते. जाड वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, यात तडजोड नको. प्लाय ठोकण्याआधी सगळ्या वायरिंगचे फोटो मागून घ्या. पुढे बिघाड झाला तर गावचा इलेक्ट्रिशियन त्यावरून काम करू शकतो.

"बॅटरीवर रात्रभर एसी चालेल" असं कुणी म्हणालं तर हिशोब घाला. १५० अँपिअरची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास. लेड-ॲसिडची त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे ९००. एक टनाचा एसी तासाला हजारच्या आसपास खातो. तासभरात खेळ संपला. पंखा, लाइट, मोबाइल, छोटा फ्रिज यांच्यासाठी मात्र एक बॅटरी आणि टपावर सोलर पुरतं.

गॅसबद्दल थोडकंच, पण यावर जीव अवलंबून आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साठतो. सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून बंद आणि तळाला बाहेर उघडणारी जाळी असलेला हवा. बंद काचांमध्ये शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही. आपल्याकडे मागचा दरवाजा उघडून बाहेर स्वयंपाक करता येतो, मग आत शेगडी हवीच कशाला, हा प्रश्न दुकानदारानेच विचारला तर दुकान चांगलं समजा.

कागद नसेल तर गाडी आपली नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसीचा मेळ बसणार नाही असा बदल मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. परवानगीने बदल केला तरी १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद घ्यावी लागते. बेकायदा बदलाला कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी.

पक्क्या कॅरव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. त्यात बसायची जागा व टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे हे किमान धरलेलं आहे. तपासणी अधिकृत संस्थांकडून होते. पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी, नगरची व्हीआरडीई या त्यांतल्या आपल्या जवळच्या. हे प्रमाणपत्र दुकानाने त्या त्या मॉडेलसाठी घेतलेलं असतं. म्हणून "आमचं सगळं मान्यताप्राप्त आहे" यावर भागवू नका. तुमच्याच मॉडेलचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवायला सांगा आणि त्याची झेरॉक्स घेऊन आरटीओत जा. साताऱ्याचे एमएच ११ ला, कराड-पाटणचे एमएच ५० ला. साहेबांना भेटूनच ॲडव्हान्स द्यावा.

एवढा व्याप नको असेल तर सुटं फिटिंग करून देणारं दुकान शोधा. बोल्ट काढले की बाहेर येणारी पलंगपेटी, सरकता ओटा, सुटी बॅटरीपेटी. सीट, बॉडी, चासी यांना हात लागत नाही. पेटी नीट बांधलेली मात्र हवी, आणि वजनाचा हिशोब इथेही सुटत नाही. मालवाहू पासिंगच्या पिकअपच्या हौद्यात चालत्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत, पलंग कितीही मऊ असला तरी. पर्यटकांना भाड्याने द्यायची असेल तर खासगी पासिंगवर जमणार नाही, परमिट लागतं.

विमा कंपनीलाही लेखी कळवा. कळवलं नाही तर अपघातानंतर कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. पैसे टप्प्यांनी द्यावेत, पक्कं जीएसटी बिल घ्यावं. बिलात प्लायची जाडी, बॅटरीची कंपनी, वायरचा साइज लिहून घ्यावा. "विश्वास नाही का आमच्यावर?" असं विचारणाऱ्या दुकानातून चहा पिऊन निघावं.

कोरेगावच्या त्या शेतकऱ्याने पहिल्या दुकानात चार चकरा मारल्या. त्यांनी ब्रेक लायनर बदलून देतो म्हटलं, वजनाचं नाव काढलं नाही. शेवटी त्याने टपावरचा तंबू विकला, एक बॅटरी उतरवली, टाकी ५० लिटरची केली. आता दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाड प्लाय काढून सुटी पलंगपेटी बसवायचं काम चालू आहे. या वेळी कामाआधीची पावती त्याने आरसीसोबत पिशवीत ठेवली आहे. वडिलांसाठी मागच्या दाराला घडीची रुंद पायरी करून घेतोय, तिचं वजन नऊ किलो. ते त्याने स्वतः घरच्या काट्यावर करून बघितलं.