एकच सिंथ, पण पुरता ओळखीचा

घरच्या कॉम्प्युटरवर संगीत करणाऱ्यांकडे फुकट सिंथेसायझरची खोगीरभरती असते. वाजतात मात्र तयार प्रीसेट. त्यापेक्षा एकाचीच नस पकडलेली बरी. नवख्यासाठी 'व्हायटल' उत्तम.

मॅट टायटेलने २०२० मध्ये आणलेल्या या वेव्हटेबल सिंथची मूळ आवृत्ती फुकट आहे. तीन ऑसिलेटर, दोन फिल्टर, आणि आत काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. कोरा प्रीसेट उघडायचा, फिल्टर चालू करायचा आणि एलएफओ ओढून कटऑफच्या नॉबवर सोडायचा. नॉबभोवतीची खूण लयीत हलू लागते, आवाज 'वाँव-वाँव' करतो. मॉड्युलेशन म्हणजे काय, हे पुस्तकी व्याख्येपेक्षा इथे चटकन कळतं.

'सर्ज एक्सटी'ही दमदार. मूळ 'सर्ज' २०१८ मध्ये मुक्तस्रोत झाला. पण पर्यायांच्या गर्दीत नवखा गांगरतो (जुन्या खेळाडूंना तीच गर्दी आवडते!).

'व्हायटल'वर बसलेला हात पुढे 'सीरम' या सिंथवरही चालतो, कारण आवाजाचा चढ-उतार ठरवणारे अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज तिथेही तेच. सस्टेन शून्यावर आणून डिके आखूड केला की तारेच्या छेडीसारखा प्लक. अटॅक आणि रिलीज लांबवले की संथ पॅड. हे दोन आवाज कोऱ्या प्रीसेटवरून स्वतः बांधता येईपर्यंत नवा सिंथ डाउनलोड करू नये.