दोन चाकांवरून मांडवीकाठी

वहीपूजन आटोपल्यावर लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत बाजार शांत असतो. त्या चार-पाच दिवसांत पुण्यातील अनेक व्यापारी कुटुंबे गोव्याची वाट धरतात. किनारा पाहून झाला की पणजीत सेगवेवरून नगरदर्शनाचा योग येतो.

सेगवे म्हणजे शेजारी-शेजारी दोन चाके, मध्ये उभे राहण्यापुरती फळी आणि समोर धरावयास दांडा. देह किंचित पुढे झुकवला की यंत्र सरकते, मागे रेलला की थांबते. तोल आतील जायरोस्कोप व मोटारी सांभाळतात. आरंभी मार्गदर्शक थोडा सराव करून घेतो. तेवढ्यात घरातील मानपान उलटेपालटे होते! नातवंडे सहज वळणे घेऊ लागतात आणि गादीवर बसून साऱ्या पेढीचा तोल राखणारे आजोबा दांडा आवळून उभे राहतात. अंग ताठ केले की यंत्रही डळमळते.

एकदा सूर गवसला की वीतभर उंचीवरून मांडवी संथपणे शेजारून जाऊ लागते. चार्ल्स कोरियांनी रचलेली कला अकादमी लागते. आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यालगत संमोहनविद्येचे प्रणेते आबे फारिया यांचा पुतळा दिसतो. पायी दमछाक झाली असती, मोटारीतून हे निसटले असते. अर्थात लक्ष्मी रस्त्यावर हे वाहन चार पावलेही जाणार नाही, हे पुणेकरास सांगावयास नको.

व्यापाऱ्याने लक्षात घ्यावे असे या यंत्राचे चरित्र आहे. अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी ते डिसेंबर २००१ मध्ये जगापुढे आणले. वर्षभरात आठवड्याला १०,००० यंत्रे तयार होतील, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जवळजवळ दोन दशकांत सुमारे १,४०,०००च खपली आणि २०२० मध्ये मूळ सेगवेचे उत्पादन थांबले. सुमारे ५,००० डॉलर देऊन चालणे वाचवण्याची गरज सामान्य माणसास भासलीच नाही. मात्र तासाभरासाठी ते भाड्याने घेण्यास प्रवासी तयार होता. माल उत्तम होता. गिऱ्हाईक निराळेच निघाले.

शिरस्त्राण टाळू नये. कंपनीचे मालक जिमी हेसेल्डेन २०१० मध्ये इंग्लंडात सेगवेवरूनच कड्याखाली कोसळून मृत्यू पावले. गुडघे दुखणाऱ्यांनी व गर्भवतींनी काठावरच्या बाकावर बसून मौज पाहावी. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या कुटुंबांनी सकाळची फेरी ठरवावी. तेव्हा ऊनही सौम्य असते.